नकाशा दाखवू नका, द्या!

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय जरा रुक्ष आहे. शेवटपर्यंत वाचलात तर त्यात ऊस, ओढा, मामा आणि नॉर्वेजवळचं एक बेट एवढं सगळं सापडेल, तेव्हा धीर धरा.

आपल्याकडे एखाद्या खात्याला 'नकाशे जनतेपर्यंत पोचवा' असं सांगितलं की त्यांना पहिल्यांदा काय सुचतं? पोर्टल! मग त्या पोर्टलचं उद्घाटन होतं, पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो येतात, आणि खाली कुठेतरी एक खिडकी असते. तिच्यात जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. चक्र फिरत राहतं आणि नशीब जोरावर असेल तर नकाशा दिसतो. म्हणजे फक्त दिसतो हं! वस्तुसंग्रहालयातल्या तलवारीसारखा. काचेपलीकडून बघा, हात लावू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की नकाशाला काचेचं कपाट नको, नळ हवा. तोटी माझ्या घरात, पाणी तुमच्या टाकीतलं. आणि हा नळ बसवायचं तंत्र काही परवा निघालेलं नाही, चांगलं पाव शतक जुनं आहे.

नळ म्हणजे काय?

आपल्यापैकी बरेच जण दिवसभर कुठल्या ना कुठल्या एपीआयशी झटापट करत असतात, त्यामुळे कल्पना लगेच कळेल. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम नावाची संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिने २००० साली 'वेब मॅप सर्व्हिस' म्हणजे डब्ल्यूएमएस नावाचं प्रमाण ठरवलं. त्यातली आजही चालणारी १.३.० ही आवृत्ती २००४ ची.

काम साधं आहे. तुम्ही सर्व्हरला आधी विचारता, "बाबा रे, तुझ्याकडे काय काय आहे?" या विनंतीचं नाव गेटकेपॅबिलिटीज. उत्तरात मेन्यूकार्ड येतं: हे हे थर आहेत, या या प्रक्षेपणात मिळतील, पीएनजी किंवा जेपेग. मग तुम्ही ऑर्डर देता, गेटमॅप: "अमुक थर दे, पाटस स्टेशनभोवतीचा चार किलोमीटरचा चौकोन दे, ८०० बाय ८०० ठिपक्यांत दे." सर्व्हर तेवढंच चित्र शिजवून पाठवतो. तुम्ही नकाशा सरकवला की पुन्हा ऑर्डर, पुन्हा ताजं चित्र. कित्येक जीबीची मूळ फाइल त्यांच्याकडेच राहते, तुमच्याकडे येतो फक्त ताटात वाढलेला घास.

गर्दी वाढली की प्रत्येकाला ताजं शिजवून देणं परवडत नाही. म्हणून २०१० मध्ये डब्ल्यूएमटीएस आलं. यात नकाशाचे ठरावीक आकाराचे चौकोनी तुकडे आधीच करून ठेवायचे. म्हणजे गाडीवर तळून ठेवलेले वडे, मागितला की पावात घालून हातात. हव्या त्या आकाराचा वडा मिळत नाही, पण रांग भराभर सरकते.

आणि तिसरा प्रकार डब्ल्यूसीएस. इथे शिजवलेलं मिळत नाही, शिधा मिळतो. प्रत्येक ठिपक्यामागचा मूळ आकडाच हातात येतो, मग तुमची तुम्ही भाकरी करा नाहीतर पुरणपोळी.

हे सगळं घ्यायला लागतं काय? क्यूजीआयएस नावाचं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर, जे गॅरी शर्मनने २००२ मध्ये लिहायला घेतलं. त्यात लेयर मेन्यूत जायचं, डब्ल्यूएमएस थर जोडा असा पर्याय निवडायचा, पत्ता चिकटवायचा, थर निवडायचा. बस्स. उपग्रहाच्या फोटोसाठी जेपेग घ्या, रेषांच्या नकाशासाठी पीएनजी, कारण पीएनजी पारदर्शक ठेवता येतं आणि खालचा थर दिसत राहतो.

'खालचा थर दिसत राहतो' हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी गंमत तिथेच आहे.

एकावर एक

एकटा नकाशा फारसं बोलत नाही. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की मात्र बोलायला लागतात.

पाटसला माझे मामा असतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंडच्या अलीकडचं हे गाव. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: साखर कारखाना, टोलनाका, रेल्वे स्टेशन. पर्जन्यछायेचा प्रदेश, काळी जमीन, आणि तालुक्यातून इंदापूरकडे जाणारा खडकवासल्याचा कालवा. त्या कालव्याच्या जिवावर ऊस. मामांचं रान साडेतीन एकर, आणि त्याच्या कडेनं एक ओढा. ओढा म्हणजे मामांच्या म्हणण्यानुसार ओढा. वरच्या अंगाला ज्यांनी प्लॉट पाडलेत त्यांच्या म्हणण्यानुसार तो 'पावसात वाहणारा चर' आहे, जो बुजवला तर कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते मामांचं. जोराचा पाऊस झाला की पाणी जायचं तिकडे न जाता उसात शिरतं आणि चार-चार दिवस हलत नाही. ऑक्टोबर २०२० चा पाऊस आठवतोय? किंवा मे २०२५ च्या अखेरीस बारामती, इंदापूर, दौंड पट्ट्यात पावसाळ्याआधीच कोसळलेला? दुष्काळी म्हणवणाऱ्या या भागात पाऊस आता असाच, एकदम अंगावर येतो.

मामा मला म्हणाले, "आरं, तू कंपूटरवाला ना? मग बघ की तुझ्या त्या नकाशात, हितं वढा हाय का न्हाय ते!"

प्रश्न चर की ओढा एवढा भाषेचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रं सरकारच्या मालकीची असतात. चर असेल तर ती शेजाऱ्यांची आपापसातली कटकट, ओढा असेल तर त्यात सरकारलाही बोलावं लागतं.

मग मी तीन थर एकत्र करायला बसलो.

पहिला, सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट, १:५०,००० ची. पाटसचा परिसर ४७ जे या मालिकेत येतो. कागद स्कॅन केला आणि त्याला अक्षांश-रेखांश बांधले. इथे एक मेख असते. जुन्या टोपोशीट 'एव्हरेस्ट' नावाच्या लंबगोलावर बेतलेल्या आहेत आणि आपल्या मोबाइलचा जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४'वर. हे रूपांतर केलं नाही तर आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक सहज पडतो. ओढ्याच्या रुंदीपेक्षा चूक मोठी!

दुसरा थर, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा. साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र, जगातल्या कुणालाही फुकट. नाव नोंदवलं की आपल्यापुरता डब्ल्यूएमएसचा पत्ता तयार करून घेता येतो आणि तो क्यूजीआयएसमध्ये चिकटवला की झालं. पाच मिनिटांचं काम. युरोपातल्या कुठल्यातरी सर्व्हरने मामांचं रान तारखेनिशी माझ्या लॅपटॉपवर आणून दिलं.

तिसरा थर, गावनकाशा, म्हणजे गट नंबरांच्या हद्दी. तो आपल्याच एका खात्याच्या संकेतस्थळावर दिसत होता. पण दिसतच होता! उचलून दुसऱ्या नकाशावर ठेवायची सोय नाही, जोडायला पत्ता नाही. कार्यालयात फोन केला तर तिकडचे गृहस्थ अगदी सज्जनपणे म्हणाले, "साहेब, प्रिंट काढून मिळेल की." शेवटी काय केलं? स्क्रीनशॉट काढले, एकमेकांना जोडले, त्यांना चार कोपरे बांधले. मुळात आकड्यांत असलेल्या गोष्टीचं आधी चित्र करायचं आणि मग त्या चित्रातून पुन्हा आकडे उकरायचे, यात माझा आख्खा रविवार गेला.

थोडक्यात, युरोपकडून पाच मिनिटांत आणि शेजारच्या इमारतीतून एका दिवसात. आता तुम्हीच सांगा.

असो. निघालं काय? टोपोशीटवर मामांच्या कडेनं जाणारी निळी रेघ आहे. आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या सेंटिनेलच्या चित्रांत, आजूबाजूची रानं करपलेली असताना, त्याच रेघेवर हिरवी पट्टी दिसते. जमिनीत ओल आहे, म्हणून झाडोरा टिकून आहे. वरच्या अंगाला ती पट्टी प्लॉटपाशी येऊन एकदम तुटते.

गुंठा आणि ठिपका

आता लगेच 'बघा, सिद्ध झालं!' म्हणून नाचू नका. याने काहीही सिद्ध होत नाही, आणि का होत नाही हे कळणं नकाशा उघडता येण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

सेंटिनेल-२ चा सगळ्यात बारीक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, मीटरात सांगायचं तर जवळपास दहा बाय दहाच! म्हणजे उपग्रहाचा एक ठिपका बरोब्बर एक गुंठा. एका एकरात चाळीस ठिपके. मला ही गोष्ट फार आवडते. पाटसमधल्या कुठल्याही शेतकऱ्याला 'रेझोल्यूशन' समजावून सांगायचं तर एवढं एक वाक्य पुरतं: "मामा, उपग्रहाला गुंठ्याच्या आतलं दिसत नाही." त्यांना ते तत्काळ कळतं, कारण बांधावरची भांडणं गुंठ्याच्या आतलीच असतात.

अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका तीस मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. आपल्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. टोपोशीटवर पाव मिलिमीटरची रेघ जमिनीवर साडेबारा मीटर रुंद होते. तेव्हा या सामग्रीवरून 'बांध दोन फूट सरकवला' असं जो सांगेल त्याच्यापासून सावध राहा. पण 'इथून पाण्याची वाट होती का?' या प्रश्नाला ती पुरते.

दुसरी मर्यादा डब्ल्यूएमएसची स्वतःची. ते चित्र देतं, आकडे देत नाही. हिरवा रंग किती हिरवा दाखवायचा हे सर्व्हरवाला ठरवतो. तुम्ही हट्टाने जास्त ठिपके मागितलेत तर चित्र मोठं होईल, तपशील वाढणार नाही. पातळ आमटीत पाणी घालून वाट्या वाढवण्यासारखं. जमिनीचा उतार काढायचा, ओलीचं गणित मांडायचं, तर शिधाच लागतो, म्हणजे डब्ल्यूसीएस किंवा मूळ फाइल.

आणि तिसरी गंमत, ज्यासाठी मी त्या बेटाचं नाव काढलं. डब्ल्यूएमएस १.१.१ मध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहायचे. १.३.० मध्ये ईपीएसजी ४३२६ वापरलं तर आधी अक्षांश, मग रेखांश. कितीतरी जुने सर्व्हर आणि प्रोग्रॅम इथे एकमेकांचं ऐकून घेत नाहीत. पाटस आहे साधारण १८.४ उत्तर, ७४.५ पूर्व. उलटं करा: ७४.५ उत्तर, १८.४ पूर्व. तिथे काय आहे? आर्क्टिक समुद्र, आणि अगदी जवळ नॉर्वेचं ब्योर्नोया, म्हणजे अस्वल बेट! पाटसच्या उसाऐवजी पडद्यावर नुसतं निळं पाणी दिसलं तर पाऊस जास्त झाला असं समजू नका, आकड्यांची अदलाबदल तपासा. :)

आपल्याकडे काहीच नाही, असं नाही

उगाच रडगाणं गाणाऱ्यांतला मी नाही. इस्रोने ऑगस्ट २००९ मध्ये 'भुवन' सुरू केलं. सुरुवातीला ते बघायला वेगळं प्लगइन उतरवून घ्यावं लागे आणि लोकांनी त्याची गूगल अर्थशी तुलना करून टिंगलही केली. पण ज्या भागाबद्दल कुणी बोलत नाही तोच मोलाचा आहे. भुवनने जमीन-वापराचे १:५०,००० चे नकाशे, २००५-०६ चे आणि २०११-१२ चे, चक्क डब्ल्यूएमएसवर दिले. दोन्ही एकमेकांवर ठेवा आणि आपल्या तालुक्यात सहा वर्षांत काय बदललं ते स्वतः बघा. हाच तो नळ! कार्टोसॅट-१ वरून केलेली उंचीची सामग्रीही तिथे मोफत उतरवून घेता आली. म्हणजे जमत नाही असं नाही. एका खात्याला जमलं तर बाकीच्यांना का जमू नये, एवढाच सवाल आहे.

नेहमीचं पहिलं उत्तर असतं, 'सुरक्षा'. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, पण त्याचा निकाल लागून बरीच वर्षं झाली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी मालिका आणि नागरिकांसाठी वेगळी खुली मालिका केली. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने 'नक्शे' पोर्टलवर खुल्या मालिकेची पीडीएफ मोफत द्यायला सुरुवात केली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर सरकारनेच म्हटलं की जे जगात सहज मिळतं त्यावर इथे निर्बंध घालण्यात अर्थ नाही. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आलं. म्हणजे कागदावर दार उघडलंय. आत जायला पायरी तेवढी बांधायची राहिलीय.

आणि गुप्ततेची गंमत बघा. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने गेल्या शतकाच्या मध्याला आपल्या देशाचे १:२,५०,००० चे नकाशे, आपल्याच सर्व्हेच्या कामावरून तयार केले. ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून कधीचे जालावर ठेवलेत. ज्याला वाईट हेतूने बघायचंय त्याने ते केव्हाच बघितलंय. अडतो तो पाटसचा माणूस.

दुसरं उत्तर, 'सर्व्हरवर ताण येईल.' हे मात्र इंजिनिअर म्हणून मला मान्य आहे. नासाच्या जेपीएलचा 'ऑनअर्थ' सर्व्हर डब्ल्यूएमएसवर सगळ्या जगाचं लँडसॅट वाटत होता आणि मागणीखाली इतका दबला की त्यांना ठरावीक तुकड्यांतच चित्रं द्यावी लागली. पण त्या अडचणीतूनच तुकड्यांचा मार्ग रुळला आणि पुढे डब्ल्यूएमटीएस आलं. गावनकाशा रोज बदलत नाही. एकदा तुकडे करून ठेवले की साधा सर्व्हरही ते वाटू शकतो. नेदरलँड्स आणि स्पेनसारखे देश आख्ख्या देशाचे विमानातून काढलेले फोटो याच पद्धतीने कुणालाही देतात.

तिसरं उत्तर कुणी तोंडावर देत नाही, पण मला वाटतं खरं तेच असावं. नकाशा काचेत असला की तो खात्याचा असतो. नळाने आला की लोक तो दुसऱ्या नकाशावर ठेवतात, आणि मग 'हे इथे असं का दिसतंय?' असं विचारतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने जे केलं ते आपण पाहिलंय. ओढ्याला त्याची जुनी वाट आठवते, माणसं विसरतात. ही विसरलेली वाट प्रत्येकाला घरबसल्या ताडून बघता आली असती, तर प्लॉट घेणाऱ्याने आधी विचारलं नसतं का?

मागणी काय?

फार नाही, पाचच गोष्टी.

एक, जो नकाशा पोर्टलवर दिसतो त्याचा डब्ल्यूएमएस किंवा डब्ल्यूएमटीएस पत्ता त्याच पानावर लिहा. दोन, तो पत्ता दर दोन वर्षांनी, कंत्राटदार बदलला म्हणून, बदलू नका. तीन, प्रत्येक थरासोबत तो कधीचा, कुठल्या प्रमाणाचा आणि किती अचूक हे सांगा. तारखेशिवाय नकाशा म्हणजे तारखेशिवाय औषधाची बाटली. चार, वापराच्या अटी साध्या मराठीत लिहा. पाच, चित्राबरोबर शिधाही द्या, निदान विद्यार्थ्यांना आणि ग्रामपंचायतींना.

यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही. जिओसर्व्हर, मॅपसर्व्हर ही मुक्त सॉफ्टवेअरं कधीची तयार आहेत. बहुतेक पोर्टलांच्या पोटात आतून असंच काहीतरी चालत असतं, फक्त त्याचा पत्ता बाहेर सांगितलेला नसतो. तोटी भिंतीच्या आत आहे, एवढंच.

आणि आपण? आपल्यातले निम्मे लोक कुठल्यातरी परदेशी बँकेचे डॅशबोर्ड करतो, ज्यात थर, नकाशे, एपीआय सगळं असतं. आपापल्या गावाचा नकाशा मात्र आपण कधी उघडलेला नसतो. एका सुट्टीत क्यूजीआयएस उतरवून घ्या, भुवनचा एखादा थर जोडा, त्यावर सेंटिनेलचं चित्र ठेवा आणि गावाकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा, "इथे काय होतं हो?" नकाशात नसलेलं निम्मं त्यांच्याकडून कळेल.

मामांच्या ओढ्याचं अजून काही झालेलं नाही. मोजणीचा अर्ज दिलाय, सोबत तीन थरांची रंगीत प्रिंट जोडलीय. निकाल मोजणीदार साखळी टाकून देईल, माझा लॅपटॉप नाही, आणि तसंच असायला हवं. पण पूर्वी तिथे फक्त मामांचा शब्द होता आणि समोरच्याचा शब्द होता. आता विचारण्याजोगा प्रश्न कागदावर आहे, आणि त्याचं उत्तर कुणालातरी द्यावं लागणार आहे.